मांजर पाळायचं तर वही आणा

घरात प्राणी पाळावा की नाही, हे आपल्याकडे विचारलं जातं ते नेहमी मसला म्हणून. मांजर पाक की नापाक? कुत्रा चालतो का? नमाजच्या कपड्यांना केस लागले तर? या प्रश्नांची उत्तरं शेकडो वर्षांपासून किताबांत आहेत आणि जवळच्या मशिदीत पाच मिनिटांत मिळतात. कुणी विचारत नाही तो प्रश्न वेगळा आहे. त्या प्राण्याचा खर्च कोण करणार, कुठून करणार आणि घरातल्या वाढत्या वयाच्या पोरांना तो आकडा माहीत आहे का?

माझं म्हणणं सरळ आहे. ज्या घरात महिन्याची वीस तारीख उजाडली की पाकीट हलकं होतं, त्या घरातही प्राणी पाळता येतो. मात्र त्याचा हिशेब मुलांपासून लपवून पाळता येत नाही.

आधी घर कुठलं ते सांगते. आम्ही मुळशी तालुक्यात, पौड रस्त्यालगतच्या एका गावात राहतो. मी पुण्यातल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. शाळा अंशतः अनुदानित आहे. या शब्दाचा अर्थ शिक्षकांच्या घरात समजावून सांगावा लागत नाही. मुलांचे अब्बू पिरंगुटच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात आहेत. ओव्हरटाइम असेल तो महिना बरा जातो, नसेल तो मोजून काढावा लागतो. थोरली अकरावीला, धाकटा आठवीत. आणि शेवई नावाची तीन वर्षांची मांजर. रमजान ईदच्या आठवड्यात घरात शिरली, म्हणून तिचं नाव शेवई.

मसल्याचंही थोडक्यात सांगून टाकते, म्हणजे पुढे अडायला नको. मांजर नापाक नाही. ती आपल्या आसपास वावरणाऱ्यांपैकी आहे, या अर्थाची हदीस अबू दाऊद आणि तिर्मिझी यांच्या संग्रहांत आहे. कुत्र्याच्या लाळेबाबत हनफी आणि शाफई दोघंही सावध आहेत. आमच्याकडे हनफी पद्धतीने भांडं तीनदा धुतलं की झालं. ताम्हिणी घाट उतरून माणगावकडे गेलात की तिथले कोकणी मुसलमान शाफई. ते सात वेळा धुतात, त्यांतलं एकदा मातीने. पण शिकारीसाठी, गुराढोरांसाठी, शेताच्या राखणीसाठी कुत्रा ठेवायला दोघांकडेही मुभा आहे, आणि गुहेत झोपलेल्या तरुणांबरोबर उंबऱ्याशी पाय पसरून बसलेला कुत्रा तर कुरआनच्या सूरह कहफमध्येच आहे. तेव्हा दीन आड येत नाही. आड येतो तो पैसा, आणि पैशाबद्दल आपण पोरांशी बोलत नाही.

पूर्वी ही अडचण नव्हती. माझ्या आजीच्या घरी कोंबड्या होत्या, दोन शेळ्या होत्या, एक मांजर होती. कोंबडी अंडी द्यायची, शेळी दूध द्यायची, बोकड बकरी ईदला कुर्बानीला नाहीतर बाजारात जायचा. मांजर उंदीर मारायची, कारण घरात भाताची कणगी होती. मुळशी हा आंबेमोहोराचा मुलूख. भात आला की उंदीर आले, उंदीर आले की मांजर आली. तिला कुणी विकत आणत नव्हतं आणि तिच्यासाठी काही विकतही आणत नव्हतं. प्रत्येक जनावर आपापली रोजी कमावत होतं. पोरांनाही ते दिसत होतं. शेळीला पाला तोडून आणणं, कोंबड्यांची खुराडी झाकणं ही कामं त्यांचीच असायची. प्राणी म्हणजे काम, हे त्यांना कुणी शिकवावं लागत नव्हतं.

आता आमच्या घरात कणगी नाही. तांदूळ रेशनचा नाहीतर दुकानातला, दहा किलोच्या पिशवीत. शेवईने आजवर मारला असेल तर एखादा उंदीर आणि पुष्कळ पाली. ती कमवत नाही, नुसती खाते. आम्ही तिला ठेवलं आहे ते ती आवडते म्हणून. यात लाज वाटण्यासारखं काही नाही. हजरत अनस यांच्या धाकट्या भावाकडे, अबू उमैरकडे, एक इवलासा पक्षी होता. तो मेला तेव्हा रसूलुल्लाहनी त्या लहान मुलाची प्रेमाने विचारपूस केली, हे बुखारी-मुस्लिम दोन्हींत आलं आहे. पक्षी काय कामाचा होता, असं तिथे कुणी विचारलेलं नाही. पण नुसत्या आवडीसाठी ठेवलेल्या जीवाचा खर्च आपल्या आवडीने सोसायचा असतो, आणि आवड सगळ्या घराची असेल तर तो सगळ्या घराला कळायला हवा.

त्यातून आमचा तालुका असा आहे की एकाच रस्त्यावर दोन जगं राहतात. हिंजवडीचं आयटी पार्क मुळशीतच आहे आणि पावसाळ्यात चार महिने गारठणारी घाटमाथ्यावरची गावंही मुळशीतच. माण, मारुंजी, भूगाव, भुकूम इकडे उंच इमारती उभ्या राहिल्या. तिथल्या घरांतले कुत्रे गाडीतून फिरायला जातात आणि त्यांची नखं कापायला माणूस घरी येतो. ती माणसं वाईट नाहीत. त्यांना परवडतं, ते करतात. पण माझा धाकटा क्रिकेट खेळायला जातो त्या मैदानावर त्याच इमारतींतली मुलं येतात. शिवाय हातातल्या मोबाईलवर इस्तंबूलच्या गल्ल्यांतल्या गुबगुबीत मांजरी आहेत आणि लांब केसांची पर्शियन पिल्लं विकणाऱ्यांचे व्हिडिओ आहेत. चौदा वर्षांचा मुलगा हे सगळं बघतो आणि एक दिवस म्हणतो, आपण लॅब्राडोर आणू या.

अशा वेळी आपल्याकडे दोन उत्तरं ठरलेली असतात. एक म्हणजे 'घर में कुत्ता नहीं चलता', म्हणजे दीनाला पुढे करायचं आणि पैशाचं झाकायचं. दुसरं, 'पैसे क्या झाड को लगते हैं?' पहिल्या उत्तराने मुलाला वाटतं, दीन म्हणजे नुसती मनाई. दुसऱ्याने वाटतं, पैसे आहेत पण मला द्यायचे नाहीत. दोन्ही उत्तरं खोटी नाहीत, अर्धी आहेत.

आम्ही तिसरा मार्ग धरला. घरखर्चाची वही जेवणानंतर चटईवर ठेवली आणि आधी शेवईचं पान काढलं. ते असं होतं. चिकनच्या दुकानातून आणलेले पेटे, मानेचे तुकडे, थोडीशी कलेजी आणि अधूनमधून धरणातली चिलापी, सगळं उकडून: महिन्याला साधारण सहाशे रुपये. तिच्या ट्रेसाठी भाताच्या गिरणीतलं तूस: तीस रुपये. वर्षाची लस आणि जंताचं औषध मिळून दीड हजार, म्हणजे महिन्याला सव्वाशे. आजारपणासाठी डब्यात टाकायचे शंभर. एकूण आठशे पंचावन्न. थोरली लगेच म्हणाली, हे तर आपल्या तीन मोबाईलच्या रिचार्जएवढंच आहे. मग मी धाकट्यालाच पेन दिलं आणि म्हटलं, आता तुझ्या लॅब्राडोरचं पान तूच लिही. पिल्लाची किंमत, रोजचं खाणं, लसी, डॉक्टर. त्याने दोन दिवस चौकशी करून आकडा आणला. पिल्लू सोडून महिन्याचे साडेचार हजार. तो आकडा त्याने बहिणीच्या क्लासच्या फीशेजारी स्वतःच लिहिला.

आणि मग त्याने विचारलं, "अम्मी, मतलब अपन गरीब हैं क्या?"

प्रत्येक आई-बाप ज्याला घाबरतात तो प्रश्न हाच. हिशेब दाखवला तर पोरगं हे विचारील, म्हणून आपण हिशेब दाखवत नाही. पण तो प्रश्न त्याच्या मनात आधीपासून असतोच. मैदानावर, मित्राच्या घरी, शाळेच्या सहलीची चिठ्ठी आली की असतो. फक्त तो आपल्याला विचारला जात नाही.

माझं उत्तर असं होतं. जकात घ्यावी लागेल अशी वेळ आपल्यावर आलेली नाही, म्हणून आपण गरीब नाही. भाडं थकलेलं नाही, चूल रोज पेटते, फी हप्त्याने का होईना जाते. पण जे हवं ते आणता येईल, असेही आपण नाही. आपल्याला एका वेळी एकच गोष्ट निवडता येते, आणि ती निवडताना तू इथे बसलेला असशील. त्याचं समाधान झालं असं मी म्हणणार नाही. तो दोन दिवस घुश्श्यात होता. पण त्यानंतर कुत्र्याचा विषय निघाला तो भांडण म्हणून नाही. नोकरी लागल्यावर पहिला कुठला कुत्रा आणायचा, असा निघाला.

खरी परीक्षा पुढे आली. २०२५च्या जूनमध्ये पीएमपीचं तिकीट वाढलं, त्याच सुमारास कारखान्यातला ओव्हरटाइम बंद झाला आणि थोरलीच्या क्लासचा हप्ता आला. नेमका तेव्हाच शेवईच्या ऑपरेशनचा प्रश्न होता. मांजरीचं गर्भारपण नऊ आठवड्यांचं. तिला एका वेळी तीन-चार पिल्लं होतात आणि वर्षातून दोन-तीनदाही होऊ शकतात. तोवर तिला सांभाळून, दारं लावून ठेवलं होतं, पण ते किती दिवस चालणार? खाजगी दवाखान्यात आकडा सांगितला साडेपाच हजार. प्राण्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या शिबिरात दोन हजार, पण दीड महिना थांबून आणि स्वतः घेऊन जाऊन. गावाजवळचा सरकारी जनावरांचा दवाखाना मुख्यतः गाई-म्हशींचा. तिथे जंताचं औषध मिळालं आणि सल्ला मिळाला.

त्याच आठवड्यात एका नातेवाईकाने तिसरा उपाय सुचवला, अगदी सहज. पोत्यात घालायची आणि मासळी बाजारापाशी सोडून यायची. खाईल तिकडे काहीतरी. हा उपाय आपल्या गावागावांत चालतो, आणि शहरातली माणसंही त्यासाठीच आमच्या रस्त्याला येतात. पट्टा गळ्यात असलेला, आवाज दिला की जवळ येणारा कुत्रा ढाब्याबाहेर थरथरत उभा असतो. तो इथला नाही, हे बघताक्षणी कळतं.

या बाबतीत मला कसलीही सवलत मान्य नाही. मांजरीला डांबून ठेवलं, खाऊ घातलं नाही आणि स्वतःचं शोधून खायलाही सोडलं नाही, म्हणून आगीत गेलेल्या बाईची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. तिच्यावरून पुष्कळ जण उलटा निष्कर्ष काढतात, की मग सोडून दिली तर सुटलो. पण ती बाई ज्या मोकळ्या जमिनीवर मांजर सोडू शकली असती, तिथे त्या मांजरीला जगता येत होतं. घरात उकडलेल्या पेट्यांवर वाढलेली मांजर अनोळखी बाजारात, भटक्या कुत्र्यांमध्ये सोडणं म्हणजे मोकळं करणं नव्हे. फिकह सांगतो की जनावराचा नफका मालकावर वाजिब आहे. जमत नसेल तर जो सांभाळील त्याच्या हाती द्या. देशाचा कायदाही तेच सांगतो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६०च्या अधिनियमाच्या अकराव्या कलमात पाळलेल्या प्राण्याला पुरेसं खाणंपिणं न देणं आणि त्याची उपासमार होईल अशा अवस्थेत त्याला टाकून देणं, हे दोन्ही गुन्हे आहेत.

आम्ही पुन्हा वही काढली. शिबिराचे दोन हजार दीड महिन्यात कुठून जमवायचे, हे चौघांनी मिळून ठरवलं. रविवारची कोंबडी दोन वेळा रद्द झाली. थोरलीने मोबाईलचा पॅक लहान केला. धाकट्याने काहीही सोडलं नाही, हे नमूद करते, कारण अशा लेखांत मुलं फार शहाणी दाखवली जातात. पण ऑपरेशननंतर दहा दिवस मांजरीला टाके चाटू द्यायचे नव्हते, तेव्हा रात्रीची पाळी त्याने घेतली आणि निभावली. नसबंदी जायज आहे का, असं विचारणाऱ्यांसाठी सांगते. फायद्यासाठी किंवा त्रास टाळण्यासाठी जनावराच्या नसबंदीला हनफी फिकहमध्ये मुभा आहे. शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं, पण मांजरीला तिसऱ्यांदा पिल्लं व्हायच्या आधी विचारावं.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला: "इन्सानों को खाने को नहीं और बिल्ली को कलेजी?" आक्षेप घेणाऱ्यांच्या घरी किती जण उपाशी आहेत, ते मी विचारत नाही. आधी बायकोपोरं, म्हातारे आई-बाप, मग नातलग आणि शेजारी, ही उतरंड मला मान्य आहे. म्हणूनच तर म्हणते, दुसरं मांजर आणू नका, पर्शियन पिल्लासाठी दहा-पंधरा हजार घालू नका. मांजराची किंमत घेण्याला मनाई करणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तिच्या अर्थाबद्दल इमामांत मतभेद आहेत आणि अनेकांनी व्यवहाराला परवानगी दिली आहे. पण गल्लीत चार पिल्लं फुकट कुडकुडत असताना कर्ज काढून पाचवं विकत आणण्याला शहाणपण म्हणायला कुठल्या इमामाची गरज नाही. मात्र जे एक आपल्या छताखाली आलं, ते त्या उतरंडीत आलं. त्याचे आठशे पंचावन्न रुपये सदका नाहीत, देणं आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मुलांचं वय अभ्यासाचं, त्यांच्या डोक्याला पैशाची चिंता कशाला? मी बी.एड. केलं तेव्हापासून हे ऐकते आहे. चिंता आणि माहिती यांत फरक आहे, हे वीसेक वर्षं वर्गात उभं राहून कळलं. घरात काहीतरी कमी पडतंय पण काय ते सांगत नाहीत, याची मुलांना चिंता लागते. आकडा समोर आला की तो फक्त आकडा असतो. त्यात बेरीज-वजाबाकी करता येते. अब्बूंचं कर्ज किती, कुणाशी भांडण झालं, हे पोरांना सांगायची गरज नाही. पण किराणा, वीज, फी, प्रवास आणि मांजर ही पाच पानं त्यांना वाचता आली पाहिजेत.

वर्गातलाच एक अनुभव सांगते. मराठीच्या निबंधात 'माझा आवडता प्राणी' दरवर्षी असतो. उर्दू माध्यमातली आमची मुलं तो पाठ करून येतात. मांजराला चार पाय असतात, ते दूध पिते. मी गेल्या वर्षी विषय बदलला: 'आमच्या घरातल्या प्राण्याचा महिन्याचा खर्च'. ज्यांच्याकडे प्राणी नाही त्यांनी शेजाऱ्यांना विचारायचं. एका मुलाने भावाच्या कबुतरांच्या दाण्याचा हिशेब लिहिला. एका मुलीने ईदसाठी वाढवलेल्या बोकडाच्या चाऱ्याचा हिशेब लिहिला आणि शेवटी एकच वाक्य जोडलं, की त्याच्यावर खर्च झालेला सगळा वेळ तिने धरलेला नाही. त्या वर्षी पहिल्यांदा निबंध वाचताना मला झोप आली नाही. 'दूध पिते' हे वाक्यही गळालं, कारण चौकशी केल्यावर मुलांना कळलं की बहुतेक मोठ्या मांजरांना दूध पचत नाही.

खर्चाच्या पानाबरोबर आणखी एक पान लिहून घ्या. त्याला पैसे लागत नाहीत. मांजराला कांदा-लसूण घातलेला रस्सा, शिजवलेली हाडं द्यायची नाहीत. तापाची आपली पॅरासिटॅमॉलची गोळी मांजरासाठी विष आहे. अर्धी गोळीही जीव घेऊ शकते. आणि मांजर किंवा कुत्रा चावला, ओरखडलं, तर पोरांनी ते लपवायचं नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जायचं. तिथे रेबीजची लस मोफत मिळते; ज्या तारखा देतील त्या एकही न चुकवता पूर्ण करायच्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपाय राहत नाही. आई रागावेल, मांजर घालवून देईल, या भीतीने मुलं ओरखडा झाकतात. ज्या घरात खर्चाबद्दल मोकळं बोलतात, त्या घरात ओरखड्याबद्दलही बोलतात.

अबू दाऊदमध्ये एका उंटाची हदीस आहे. मदिनेच्या एका बागेत रसूलुल्लाहना पाहून तो उंट रडला. त्यांनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, याचा मालक कोण? पुढे आला तो अन्सारांपैकी एक तरुण. त्याला सांगितलं गेलं की तू याला उपाशी ठेवतोस आणि फार राबवतोस, अशी याची तक्रार आहे. मला त्यातला तरुण लक्षात राहतो. लहान आहे, जाऊ द्या, त्याच्या बापाला बोलवा, असं तिथे झालं नाही. त्याच्याशी थेट बोलणं झालं.

आपली पोरंही त्याच वयाची आहेत. त्यांनी पिल्लू उचलून आणलं आणि "रख लेते हैं ना, अम्मी" म्हटलं, तर लगेच हो म्हणू नका आणि लगेच नाहीही म्हणू नका. पिल्लाला पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवा, थोडं उकडलेलं चिकन द्या आणि मुलाच्या हातात वही द्या. खाणं, लस, ऑपरेशन, सुट्टीत गावी गेल्यावर कोण बघणार, हे त्याला लिहू द्या. मग शेजारी घरचा महिन्याचा हिशेब ठेवा. बसत असेल तर ठेवा. बसत नसेल तर चांगलं घर शोधायला त्याच्याबरोबर चार दारं फिरा. दोन्हींपैकी काहीही झालं तरी त्या मुलाने एका जीवाची आणि एका घराची किंमत मोजलेली असेल.